मुलांच्या इतिहासकथेतला नांगर

तुमच्या घरातल्या दहाबारा वर्षांच्या मुलाला सहज विचारून पाहा, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा कसा घेतला? मूल उभे राहून, हातवारे करून सगळी हकिकत सांगेल. कडा कसा चढले, दोर कसे कापले, शेलारमामा काय म्हणाले, यातले काही राहणार नाही. मग त्याच मुलाला दुसरा प्रश्न विचारा. कडा चढलेले ते मावळे आदल्या दिवशी काय जेवले होते? ते धान्य कोणी पिकवले होते? आणि १६७० सालच्या त्या माघ महिन्यात ही माणसे लढाईवर गेली, तेव्हा त्यांच्या घरच्या शेतावर कोण होते? मूल गप्प होईल. खरे सांगायचे तर तुम्ही आम्हीही गप्पच होऊ.

यात मुलाचा दोष नाही. आपण त्याच्या हातात दिले तेच त्याने वाचले. हरिभाऊ आपट्यांचे ‘उषःकाल’ आहे, नाथमाधवांच्या स्वराज्यावरच्या कादंबऱ्या आहेत, गो. नी. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्या आहेत, आणि शाळेच्या वाचनमालेतल्या छोट्या गोष्टी तर किती तरी आहेत. या पुस्तकांनी मराठी मुलांना आपला देश चालून पाहायला शिकवले, गड ओळखायला शिकवले. त्यांचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण मुलांसाठी लिहिलेल्या बहुतेक इतिहासकथांत शेतकरी कसा येतो पाहा. दमलेल्या स्वाराला वाटेत एक म्हातारा भेटतो, तो त्याला भाकरी आणि ताक देतो, आणि पुढच्या पानावर नाहीसा होतो. त्या भाकरीच्या मागे काय होते ते कथा सांगत नाही. मावळा हा मुळात मावळातला शेतकरीच, ही साधी गोष्टही मुलाच्या ध्यानात येत नाही.

मुलांना शेतीची गोष्ट रंजक वाटणार नाही, असे तुम्ही म्हणाल. ही समजूत खोटी ठरवणारे एक उदाहरण आपल्यापासून फार दूर, अमेरिकेत आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर नावाच्या एका बाईंनी वयाच्या पासष्टाव्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, मुलांसाठी आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्या १८६७ साली विस्कॉन्सिनच्या जंगलात जन्मल्या आणि बापाबरोबर बैलगाडीसारख्या छपराच्या गाडीतून पश्चिमेकडे हिंडत वाढल्या. १८६२ सालच्या एका कायद्याने अमेरिकेत असे ठरले होते की, सरकारी पडीक जमिनीच्या १६० एकरांवर जो घर बांधून राहील आणि पाच वर्षे ती कसून दाखवील, त्याची ती जमीन होईल. त्या आशेने हजारो कुटुंबे निघाली. लॉराबाईंनी आठ पुस्तकांत लिहिले ते अशाच एका कुटुंबाबद्दल. त्यात राजा नाही, सेनापती नाही. बाप, आई, मुली, एक कुत्रा आणि एक शेत, एवढीच पात्रे.

आणि प्रसंग? पीक डोलत आहे, उद्यापरवा कापणी, एवढ्यात आकाश काळवंडते आणि टोळधाड उतरते. मुली पाहत राहतात आणि डोळ्यांसमोर गहू नाहीसा होतो. बाप फाटके बूट घालून, कुणाच्या तरी कापणीवर मजुरी मिळेल म्हणून, पायी पूर्वेकडे निघतो. ‘टोळधाड’ हा शब्द आपल्या भाषेत नुसता अलंकार म्हणून उरला आहे असे आपल्याला वाटत होते, पण २०२० सालच्या मे महिन्यात अमरावती आणि नागपूरकडच्या शेतकऱ्यांनी तो पुन्हा डोळ्यांनी पाहिला.

त्यांचे १९४० सालचे एक पुस्तक तर एका हिवाळ्यावरच आहे. १८८० च्या ऑक्टोबरात डाकोटा प्रांतात पहिले हिमवादळ आले आणि १८८१ च्या वसंतापर्यंत वादळे थांबली नाहीत. आगगाडी बंद पडली. दुकानातले पीठ संपले, कोळसा संपला, दिव्याचे तेल संपले. बाप आणि लॉरा वाळलेल्या गवताला पीळ घालून त्याच्या मुळ्या करीत आणि त्या जाळीत. गहू होता तो कॉफी दळण्याच्या चिमुकल्या यंत्रात घालून दिवसभर फिरवायचा, तेव्हा संध्याकाळच्या पावापुरते भरड पीठ पडायचे. मुलांना त्या पुस्तकातले काय आठवते विचाराल, तर ते फिरणारे यंत्र आणि त्या गवताच्या मुळ्या. त्यात तलवार एकही नाही, पण पुस्तक खाली ठेववत नाही.

त्या गोष्टीत एक पेच आहे. गावातल्या एका तरुणाने आपल्या खोलीत खोटी भिंत घालून तिच्यामागे गव्हाचे बी लपवून ठेवले आहे. वसंतात पेरले नाही तर त्याची जमीन जाईल. इकडे गावात मुले उपाशी आहेत. शेवटी तो आणि त्याचा एक मित्र जिवावर उदार होऊन बर्फातून निघतात आणि दूरच्या एका शेतकऱ्याकडे जातात. त्याच्याकडे गहू आहे, पण तोही बियाण्याचाच, आणि तोही विकायला तयार नाही. बी खायचे की पेरायचे? शेतकऱ्याच्या घरातला याहून मोठा प्रश्न कोणता? तो प्रश्न त्या बाईंनी दहा वर्षांच्या मुलापुढे जसाच्या तसा ठेवला, आणि मुलांना तो समजला.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतले झाले. नवी जमीन फोडणारे, जंगल आणि लांडग्यांशी झुंजणारे लोक आपल्याकडे कुठले? आपली गावे तर हजार वर्षांची. म्हणून मी तुम्हाला दूर नेत नाही. आपण पुण्याचेच उदाहरण घेऊ.

१६३० साली दख्खनेत आणि गुजरातेत पावसाने पाठ फिरवली. पुढची दोन वर्षे जो दुष्काळ पडला, त्याचे वर्णन बादशाही बखरकारांनी आणि परदेशी व्यापाऱ्यांनीही करून ठेवले आहे. पुण्यापासून एका दिवसाच्या वाटेवर देहू आहे. तिथल्या एका वाण्याच्या घरातली सुबत्ता या दुष्काळात बुडाली, गुरेढोरे गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. तो वाणी म्हणजे तुकाराम. त्यांनी लोकांकडच्या येण्याचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले, असे परंपरा सांगते. आपण मुलांना ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतो. ती वैराग्याची आहेच. पण दुष्काळाने पिळून निघालेल्या कुणब्यांची कर्जे त्या कागदांवर होती, हेही मुलाला सांगितले, तर ती गोष्ट जमिनीवर उभी राहील.

त्याच सुमारास पुण्यावर दुसरे संकट आले. पुणे आणि सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीचे. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तिघांच्या ओढाताणीत हा मुलूख सापडला. विजापूरचे सरदार मुरार जगदेव यांनी पुणे लुटले, जाळले, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असे सांगतात. पहार ठोकणे म्हणजे इथे पुन्हा कोणी वस्ती करू नये असा हुकूमच. एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे फौजा. माणसे उठून गेली, आणि पांढरी आणि काळी दोन्ही ओसाड पडली. गावठाणाला पांढरी आणि पिकाऊ जमिनीला काळी म्हणतात, हे शब्द आजच्या शहरातल्या मुलाला सांगावे लागतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

१६३६ साली मोगल आणि आदिलशाही यांचा तह झाला, निजामशाही संपली, शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि पुण्याची जहागीर त्यांच्याकडे राहिली. त्यानंतर जिजाबाई लहानग्या शिवाजीराजांना घेऊन पुण्यात आल्या. कारभार पाहायला दादोजी कोंडदेव होते. पुण्याच्या भूमीवर सोन्याचा नांगर फिरवला ही कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकतो. तो कोणी फिरवला, त्याचे श्रेय कोणाला, यावर पुण्यात पुष्कळ वाद झाले. मला त्यात पडायचे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. सोन्याच्या नांगराने एक तास काढले, सनई वाजली, माणसे घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाचा नांगर घेऊन ज्यांनी दुसरे तास काढले, ती माणसे कोण? त्यांची गोष्ट कुणी सांगितली?

तुम्ही थोडी कल्पना करून पाहा. पाचसहा वर्षे पडीक राहिलेली काळी जमीन म्हणजे काय? हराळी आणि कुंदा यांची मुळे हातहात खोल गेलेली. बांध फुटलेले. विहीर गाळाने भरलेली. बोरीबाभळी माजलेल्या. अशी जमीन एका बैलजोडीने नांगरत नाही. आपल्याकडच्या जड लाकडी नांगराला चार, सहा, कधी आठ बैल लागत. एवढे बैल एका घरी कुठून असणार? तेही दुष्काळातून उठलेल्या घरी? म्हणून दोघातिघांनी बैल एकत्र करून ‘सावड’ करायची, नाहीतर सगळ्या गावाने मिळून एकाच्या शेतावर ‘इर्जिक’ घालायची. ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे, आणि उद्या त्याने दुसऱ्याच्या शेतावर जायचे. हे दोन शब्द म्हणजे आपल्या शेतकऱ्याने अडचणीतून काढलेली वाट आहे.

नांगरट झाली, आता बी हवे. दुष्काळात बी खाऊन संपलेले. सावकाराकडून आणावे तर ‘दिढी’ने, म्हणजे मण घेतले तर सुगीला दीड मण द्यायचे. पाऊस चुकला तर ते दीड मणाचे ओझे पुढच्या वर्षावर. डाकोटातल्या त्या खोट्या भिंतीमागचा गहू आणि आपल्या कणगीच्या तळाशी राखलेली शेरभर बाजरी, प्रश्न एकच.

पेरले, उगवले, म्हणजे संपले का? रानडुकरे आहेत, हरणे आहेत, पाखरे आहेत. ओसाड मुलखात लांडगे फार माजले होते आणि ते मारणाऱ्यास बक्षीस देत, असा उल्लेख जुन्या लेखनात येतो. मग राखण कोणी करायची? इथेच आपल्या गोष्टीत मूल येते. शेतात चार मेढी रोवून त्यांवर माळा घालायचा. त्यावर मुलाने सूर्योदयापासून बसायचे, हातात गोफण, शेजारी खड्यांचा ढीग. कणीस चिकात आले म्हणजे थव्याने पाखरे येतात. मूल पेंगले की पीक गेले. रात्री बाप बसतो, आगटी पेटवतो, डबा किंवा हलगी वाजवतो. गुरे राखणे, शेण गोळा करणे, सरपण आणणे, विहिरीचे पाणी ओढणे ही कामे मुलांचीच. आणि घरातली मुलगी? ती पहाटे आईबरोबर जात्यावर बसते, एका खुंट्याला दोघींचे हात. दिवसभराची भाकरी त्या अंधारात दळली जाते. शिवाजीराजांच्या वयाची किती तरी मुले तेव्हा पुण्याच्या आसपास अशी माळ्यावर बसली असतील! पुढे तीच मोठी होऊन त्यांच्याबरोबर गेली. कडा चढताना पाय घसरू न देण्याचे आणि रात्र जागून काढण्याचे शिक्षण त्यांना कोणत्या तालमीत मिळाले, हे यावरून ध्यानात यावे.

या वसाहतीला सरकारचा हातभार कसा होता, हेही मुलांना समजण्याजोगे आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला ‘कौल’ देत, म्हणजे अभयाचा लेखी शब्द. त्यात सारा ‘इस्ताव्या’ने घ्यायचा असे ठरे. पहिल्या वर्षी नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे चढत चढत काही वर्षांनी पुरा सारा. जमीन सुधारायला वेळ लागतो हे ज्याला कळते, त्यानेच हा हिशेब बसवला असणार. अमेरिकेचा पाच वर्षांचा कायदा त्याच्या सव्वादोनशे वर्षांनंतरचा.

शिवाजीमहाराजांचे ५ सप्टेंबर १६७६ चे एक पत्र आहे. कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ते लिहिले. लढाईचे एक अक्षर त्यात नाही. महाराज सांगतात की, गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, कोणाकडे माणूसबळ आहे आणि काय नाही ते पाहा. ज्याच्या अंगात कसण्याची कुवत आहे, पण जोताला बैल नाही आणि पोटाला दाणा नाही, म्हणून जो अडून बसला आहे, त्याला दोनचार बैलांचे पैसे द्या, खंडी दोन खंडी धान्य द्या. त्याच्याने होईल तेवढे शेत करवून घ्या. पुढे वसुली करताना वाढीदिढी लावू नका, मुद्दलच घ्या, आणि तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू. दिढी काय असते ते आपण आताच पाहिले. ते ध्यानात ठेवून हे वाचा, म्हणजे या एका वाक्याची किंमत कळेल. ज्या राजाने हे पत्र लिहिले, त्याने नांगरटीचे कष्ट लहानपणी पुण्याच्या आसपास पाहिले होते, असे मानायला काय हरकत आहे? मुलांच्या इतिहासकथेला याहून चांगले बीज कोणते? एक कुणबी, एक बैल मेलेला, दारात उभा राहिलेला कारकून, आणि हे लोक पैसे द्यायला आले आहेत की घ्यायला, या भीतीने आईच्या मागे लपलेले पोर. गोष्ट सुरू झालीच की!

पण गोष्ट लिहिताना ती खरी लिहिली पाहिजे, आणि इथे लॉराबाईंच्या पुस्तकांपासून आपण जसे शिकायचे, तसे सावधही व्हायचे. त्यांनी आपल्या आयुष्यातले काही गाळले. त्यांचा एक धाकटा भाऊ तान्हेपणीच, १८७६ साली गेला, तो या पुस्तकांत नाही. कदाचित लिहवले नसेल. ते आपण समजू शकतो. पण दुसरी एक गोष्ट आहे. कॅन्ससमध्ये ज्या जमिनीवर त्यांच्या बापाने लाकडी घर बांधले, ती रिकामी नव्हतीच. ती ओसेज नावाच्या आदिवासी जमातीची राखीव भूमी होती. १९३५ सालच्या पुस्तकात त्या मुलखाचे वर्णन असे आले होते की, जणू तिथे माणसे नव्हती, नुसते आदिवासी होते. पुढे एका वाचकाने हे दाखवून दिल्यावर १९५३ च्या आवृत्तीत ते वाक्य बदलले. तरी त्या लोकांविषयीचा भीतीचा आणि तुच्छतेचा सूर पुस्तकांत राहिलाच. १९५४ पासून लॉराबाईंच्या नावाने बालसाहित्याचा एक मोठा सन्मान दिला जात असे. २०१८ साली तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने याच कारणासाठी त्यावरून त्यांचे नाव काढले. पुस्तके आजही वाचली जातात, आणि वाचावीत. पण मुलाबरोबर बसून वाचावीत, आणि ‘ही जमीन आधी कोणाची होती?’ हा प्रश्न त्याला विचारू द्यावा.

आपल्या ओसाड गावांनाही हा प्रश्न लागू आहे. गाव पुन्हा बसते तेव्हा सगळे सारख्या हक्काने परत येत नाहीत. ज्याची पिढीजात जमीन तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. उपऱ्याने दहा वर्षे घाम गाळला तरी तो उपरीच. गावाच्या शिवेवर महारवाडा असे. शीव कुठून कुठे जाते याचा तंटा पडला की महारांची साक्ष मोलाची मानीत, कारण शीव त्यांनी राखलेली. म्हणजे गाव कुठे होते हे ज्यांच्या सांगण्यावरून ठरले, त्यांचेच घर गावाबाहेर! मावळच्या डोंगरात महादेव कोळी होते, त्यांची रानातली वाट होती. माळावर धनगर होता. आणि घराघरांत जात्यावरची बाई होती, जिचे नाव कोणत्याच कौलात नाही. या साऱ्यांना वगळून केलेली शेतीची गोष्ट गोड होईल, पण ती मुलाला उपयोगी पडणार नाही. लढाईच्या गोष्टीत जशी एक बाजू रंगवून दुसरी पुसता येते, तशी नांगराच्या गोष्टीतही येते.

दुसरी सावधगिरी दुःखाच्या बाबतीत. मुलांना दुःख सांगू नये, असे काही पालकांना वाटते. मग दुष्काळाची गोष्ट कशी होते? पाऊस पडला नाही, सगळ्यांनी देवाला हाक मारली, पाऊस पडला. मूल असे फसत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा गरिबी आणि आईचे मरण त्यांनी लपवले का? मराठी मुलांनी ते पुस्तक डोळे पुसत वाचले आणि उराशी धरले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही, पण चांगली वाचणारी मोठी मुले ती वाचतात. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला पोरसवदा मास्तर, आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेली माणसे. माडगूळकरांनी याच पुणे आकाशवाणीवर अनेक वर्षे ग्रामीण कार्यक्रमांचे काम केले. शेतकऱ्याशी रोज बोलणाऱ्या माणसाने लिहिलेला दुष्काळ कसा असतो, ते त्यात पाहावे. तो ओरडत नाही. शाळेत मुले कमी होत जातात, एवढेच दिसते, आणि पोटात खड्डा पडतो.

हे सारे आजच कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. शहरातल्या मुलाला शेतकरी भेटतो तो वर्तमानपत्राच्या मथळ्यात, कर्ज, अवकाळी, भाव पडला, आत्महत्या, अशा शब्दांतून. त्या माणसाची गोष्ट त्याला कुणी सांगितलेलीच नाही. म्हणून त्याला एकतर कीव वाटते किंवा कंटाळा येतो. ज्या मुलाने सावड, इर्जिक, दिढी आणि कौल हे शब्द गोष्टीतून ओळखले आहेत, ते मूल मोठेपणी कर्जमाफीवरची चर्चा ऐकताना निदान प्रश्न तरी नीट विचारील. आणि खेड्यातून शिकायला आलेल्या मुलालाही आपल्या आज्याचे कष्ट पुस्तकात दिसले पाहिजेत. आपण इतिहासात आहोत, हे कळल्याने माणसाची मान ताठ होते.

साधने तुमच्या हाताशी आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद आहेत. त्यांत गावोगावचे हिशेब, तक्रारी, बुडालेली पिके, माफ केलेला सारा हे सगळे आहे. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात तलवारीही आहेत, पण घरगुती वापराच्या जिनसा कितीतरी अधिक आहेत. मुलाला तिथे न्याल तेव्हा दिव्यांपुढे आणि स्वयंपाकाच्या भांड्यांपुढे थोडे अधिक थांबा, आणि हे कोण वापरीत असेल ते त्यालाच सांगू द्या.

लेखकांना माझी विनंती आहे की, कागदावर बसण्यापूर्वी एक पावसाळा शेतावर काढा. आणि शिक्षकांना व पालकांना त्याहून सोपी विनंती आहे. १९७२ चा दुष्काळ आता पन्नास वर्षांपलीकडे गेला, म्हणजे तो इतिहासच झाला. तो पाहिलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. खडी फोडायला गेलेल्या आया आहेत, सुकडी खाल्लेली तेव्हाची पोरे आहेत, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीला नाके मुरडलेले आजोबा आहेत. त्या दुष्काळातल्या कामांतूनच आपली रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मुलांना सुटीत एक काम द्या. आजीला किंवा आजोबांना पाच प्रश्न विचारायचे. तेव्हा घरात काय शिजत होते? पाणी कुठून आणीत? बैलांचे काय केले? बियाण्याचे दाणे राखले की खाल्ले? आणि तुम्ही तेव्हा माझ्याएवढे होतात, तर तुमच्याकडे कोणते काम होते?

उत्तरे वहीत जशीच्या तशी लिहून घ्यायला सांगा. शब्द सुधारू नका. आजी ‘मिलू’ म्हणाली तर ‘मिलू’च लिहू द्या. चाळीस मुलांच्या वर्गात अशा चाळीस वह्या जमतील, आणि त्यातल्या एखाद्या मुलाला पुढे केव्हातरी वाटेल की, यावर गोष्ट लिहावी. हे काम लवकर करा. १९७२ साली जी मुले दहा वर्षांची होती, त्यांनी आता साठी ओलांडली आहे.